घरातील उकाडा व माणसाची सवय

वैशाखातील दुपारी मराठवाड्यातील अथवा विदर्भातील पत्र्याच्या घरात शिरणाऱ्यास, येथे माणसे राहतात तरी कशी, असा प्रश्न पडतो. घरधन्यास विचारावे तर ‘आम्हांस सवय आहे’ एवढेच उत्तर मिळते. हे उत्तर खोटे नसते, पण पुरतेही नसते.

माणसास किती उष्णता सुखकर वाटते, याचे गणित डेन्मार्कचे शास्त्रज्ञ फँगर यांनी १९७० साली ग्रंथरूपाने मांडले. हवेचे तापमान, भिंती व छप्पर यांची धग, दमटपणा, वारा, कपडे व चाललेले काम अशा सहा गोष्टी त्यात धरलेल्या आहेत. यंत्राने थंड केलेल्या बंद खोलीस ते बरेच लागू पडते. उघड्या खिडक्यांच्या घरात मात्र अपुरे ठरते. कारण माणूस नुसता बसून उकाडा सोसत नाही. तो ओसरीवर येतो, अंगावरचे कपडे कमी करतो, रात्री माळवदावर अंथरूण टाकतो. शिवाय मागील काही आठवड्यांचे हवामान जसे असेल, तशी त्याची अपेक्षाही बदलते.

आपल्या देशातील पाच शहरांच्या कार्यालयांत पाहणी करून अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी यासाठी एक सूत्र बसविले. बाहेरील हवेच्या मागील तीस दिवसांच्या सरासरी तापमानास ०.५४ ने गुणावे व त्यात १२.८३ मिळवावे. सरासरी २० अंश असता उत्तर सुमारे २३.६ येते, ३२ अंश असता सुमारे ३०. सवयीने सुखाची पातळी वर सरकते ती एवढीच. हे सूत्र कार्यालयांचे आहे, खेड्यातील घरांस ते जसेच्या तसे लावू नये. पण तापलेल्या पत्र्याखालील ४० अंश कोणत्याही सवयीत बसत नाहीत, हे त्यावरून उघड होते. हवा ३५ अंशांच्या वर गेली की पंख्याचा वाराही गरमच लागतो.

म्हणून गावात चौकशी करताना ‘उकडते काय?’ असे विचारून थांबू नये. दुपारी कोण कोठे बसते, रात्री कोण कोठे निजते, हे विचारावे. धनी झाडाखाली जातो, त्याची सवय खरी. अंथरुणास खिळलेली म्हातारी व बाळंतीण यांना जागा बदलता येत नाही, आणि उत्तर देण्यास बहुधा त्या पुढे येत नाहीत.

अशा घरी प्रथम त्यांची खाट पत्र्याखालून हलवावी. पत्र्यावर बाहेरून पांढरा रंग अथवा चुना द्यावा. आतून तुराट्यांचे छत करावयाचे झाल्यास पत्रा व छत यांत वीतभर पोकळी ठेवावी, आणि चुलीच्या वर ते मुळीच करू नये. चुना पावसाने धुपतो. तो दरवर्षी होळीच्या सुमारास पुन्हा द्यावा लागतो.