हाकेचे नाव

जुन्नर तालुक्यातले निमगाव सावा हे माझे आजोळ. तिथे मी ‘बंड्या’. पुण्याला कचेरीत ‘भाऊसाहेब’ झालो, आता नातवंडांचा ‘आजोबा’!

लोकमान्य टिळकांचे पाळण्यातले नाव केशव. पण घरचे लाडके ‘बाळ’च इतिहासात गेले. मुरलीधर आमट्यांचे लाडाचे ‘बाबा’ जगाने उचलले.

बायकांचे मात्र निराळे. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले, की माहेरचे नाव मागे पडे.

परवा मामीला विचारले, “लहानपणी तुला काय म्हणत गं?”

“चिमी,” ती लाजली. मग हळूच म्हणाली, “थोरला भाऊ गेला, अन् त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही रे, बंड्या!”

मी दचकलो. मला तरी ‘बंड्या’ म्हणणारे आता दुसरे कोण आहे?