अंजिराला गोधडी की दगड?

सासवडकडच्या मळ्यात वाढलेल्या माणसाला अंजिराला थंडी मारते हे सांगून पटत नाही. आमच्याकडे मीठा बहार हिवाळ्यातच वाढीला लागतो आणि उन्हाळ्यात फळ हाती येते. म्हणून २०१९ च्या मे महिन्यात न्यू जर्सीला लेकीच्या परसात गेलो आणि वाळून काटकी झालेले अंजीर पाहिले, तेव्हा मी चक्रावलोच.

झाड 'शिकागो हार्डी' जातीचे, म्हणजे थंडी सोसणारे. पण जानेवारीच्या शेवटी पारा उणे १५ अंशांच्याही खाली उतरला होता. जावईबापूंनी बुंध्याभोवती पांढऱ्या गोट्यांचा सुबक थर दिलेला. "बाबा, दगड दिवसा तापतो, रात्री ऊब सोडतो," हा त्यांचा युक्तिवाद.

युक्तिवाद खोटा नव्हे. इंग्लंडात अंजीर दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीशी लावतात ते याचसाठी. पण दगडाने ऊब परत द्यायची तर ती आधी मिळायला हवी ना! तिथे जानेवारीत दिवस जेमतेम साडेनऊ तासांचा आणि ऊन तिरपे. गार पडलेला दगड उलट जमिनीतलीच ऊब बाहेर वाहून नेतो. पालापाचोळ्याच्या फटींत मात्र हवा कोंडून राहते, आपल्या गोधडीसारखी. गोधडी ऊब निर्माण करीत नाही, असलेली राखते. म्हणूनच ती माती गोठण्यापूर्वी घालायची.

झाड उपटायचे ठरत होते. तेवढ्यात शेजारचे इटालियन आजोबा कुंपणाशी आले, वाकून जमिनीलगतची साल त्यांनी नखाने खरवडली. आत हिरवी रेघ! फांद्या गेल्या होत्या, मुळे जिवंत होती. जूनमध्ये फुटवे आले, फळेही धरली, पण ऑक्टोबरच्या हिमकणांनी ती हिरवीच गाठली.

त्या नोव्हेंबरात पाने गळताच लेकीने बुंध्याभोवती जाळीचे वेटोळे उभे करून त्यात दीड हात वाळकी पाने भरली. जाळी उंदरांसाठी, पानांच्या उबेत बसून ते सालच कुरतडतात. खोड वाचले. पण हौशीने पाने मे अखेरपर्यंत तशीच ठेवली. गोधडी थंडीही राखते हे कोणाच्या लक्षातच आले नाही! माती गारच राहिली, वाढ रेंगाळली, आणि त्याही वर्षी फळ पिकले नाही.

आता त्यांचा क्रम असा: एप्रिलमध्ये कडाक्याची थंडी सरली की पाने काढायची, आणि मग दगड मांडायचे. तेही पांढरे नव्हेत, कारण पांढरा दगड ऊन परतवतो. काळपट दगड, खोडापासून वीतभर दूर. उन्हाळ्यात मात्र मुळांना पाणी कमी पडू द्यायचे नाही.

२०२१ च्या सप्टेंबरात पहिले अंजीर पिकून लोंबले. लेकीने ते आधी शेजारी नेऊन दिले. आजोबांनी सालीसकट खाल्ले, देठ तेवढा तिच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "दुसरे कधी?"