मनाचा कारभारी आणि सामायिक यंत्रे



यंत्रावरच्या माणसाला धोक्याची शिट्टी ऐकताच उचललेला हात जागीच रोखावा लागतो. हात रोखणे, मोजमाप ध्यानात धरणे आणि एका कामावरून दुसऱ्यावर मन वळवणे, ही तिन्ही कामे मनाच्या कारभाऱ्याची. अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठात मियाके व त्यांच्या सहकाऱ्यांनी १३७ विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली. या तीन शक्ती एकमेकींशी निगडित असल्या तरी वेगवेगळ्या मोजता येतात, असे त्यांनी २००० साली दाखवले.

हा कारभारी मेंदूत कसा वावरतो हे पाहण्याची दोन मुख्य साधने आहेत. जर्मनीतील हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतील विद्युत्‌लहरी प्रथम टिपल्या. डोक्याला इलेक्ट्रोड लावून त्या सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजता येतात. चुकीचे बटण दाबले गेले, तर एक दशांश सेकंदाच्या आतच एक ठराविक लहर उठते. मात्र ती मेंदूत नेमकी कोठून निघाली, हे कवटीवरून नीट कळत नाही. चुंबकीय प्रतिमायंत्र ती जागा काही मिलिमीटरांपर्यंत दाखवते. पण ते रक्तातील प्राणवायूच्या बदलावर विसंबते, आणि तो बदल भरात यायला पाच-सहा सेकंद लागतात. एक साक्षीदार वेळ सांगतो, दुसरा जागा. दोघांच्या साक्षी जुळवाव्या लागतात.

असे प्रतिमायंत्र एकट्या प्राध्यापकाच्या ऐपतीबाहेरचे असते. म्हणून विद्यापीठे ते सामायिक ठेवतात आणि संशोधक तासांच्या हिशेबाने वापरतात. यंत्राइतकीच गरज असते ती यंत्रज्ञांची व गणितज्ञांची. आत निजलेल्या माणसाचे डोके किंचित हलले तरी चित्र बिघडते. पापणी लवली तरी तिची वीज मेंदूच्या लहरींत मिसळते. हे दोष ओळखणारी सरावलेली माणसे नसतील, तर महागडे यंत्रही खोटी साक्ष देईल.

यात आपला काय संबंध, असे कोणी विचारील. अपघाताच्या चौकशीत ‘कामगाराचे लक्ष नव्हते’ हा शेरा मी अनेकदा वाचला आहे. उद्या कोणी मेंदूचे चित्र दाखवून माणसे लायक-नालायक ठरवू लागला, तर आपण पहिला प्रश्न विचारावा: हे किती माणसांवरून ठरवले? सुमारे ५०,००० माणसांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०२२ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. माणसामाणसांतील मेंदूचे फरक व त्यांचे वागणे यांचा संबंध खात्रीने सांगायला हजारो माणसे तपासावी लागतात, असे त्यात दिसले. एरवीच्या अभ्यासांत ती पंचवीसच्या आसपास असत!

हजारो माणसे एका प्रयोगशाळेला कशी झेपणार? अमेरिकेत २०१६ पासून २१ केंद्रांनी मिळून नऊ-दहा वर्षांची सुमारे १२,००० मुले अभ्यासासाठी घेतली. हात रोखण्याची कसोटी प्रतिमायंत्रातच घेतली गेली. यंत्रे तीन कंपन्यांची, पण मोजण्याची पद्धत शक्य तितकी एकसारखी, आणि जमलेली माहिती इतर संशोधकांनाही वापरण्यास दिलेली.

एकट्याचा शब्द कोठवर पोचतो, हे संघटित कामगाराला ठाऊक आहे. मेंदूच्या शास्त्रालाही तोच हिशेब लागू पडतो.