पडद्यावरचा महाकाय रोबो आणि सोलापुरी चादर

दोस्तांनो, व्हिडिओ गेममध्ये महाकाय रोबो आला की घरात काय होतं? तुम्ही टीव्हीला चिकटता आणि आई ओरडते, "अरे, मागं सरक! डोळे जातील!" आज आईलाही हाक मारा. दोघांनी मिळून एक गंमत बघायची आहे. पण टीव्हीच्या आधी अंथरुणावरची सोलापुरी चादर बघा!

चादरीवरचं फूल लांबून गोल दिसतं. जवळून बघा, कडेला पायऱ्या दिसतील. ही नक्षी आधी चौकटींच्या कागदावर काढतात. मग एकेका ओळीसाठी पुठ्ठ्याला भोकं पाडतात. भोक असेल तिथं ताण्याचा धागा वर उचलला जातो, नसेल तिथं खालीच राहतो. ही युक्ती फ्रान्सच्या जकार्डची, १८०४ सालची.

गेममधली चित्रंही अशीच, बरं का! जपानमध्ये १९८३ साली निन्टेन्डोचं फॅमिकॉम यंत्र आलं. त्याच्या नकला १९९० नंतर आपल्याकडेही विकल्या गेल्या. त्यात हलणारी पात्रं ८ ठिपके रुंद तुकड्यांची बनायची, आणि एका आडव्या ओळीत असे ८ च तुकडे दिसायचे. म्हणजे ६४ ठिपके. पडदा तर २५६ ठिपक्यांचा! नववा तुकडा आला की गायब! मग पाव पडद्याहून रुंद रोबो आणायचा कसा?

कॅपकॉम कंपनीच्या मंडळींनी 'मेगा मॅन २' (१९८८) या गेममध्ये शक्कल लढवली. यांत्रिक ड्रॅगनचं अजस्र धूड त्यांनी चक्क मागचा देखावा म्हणून काढलं. देखाव्याला ८ तुकड्यांची अट नव्हती. देखावा सरकवला की ड्रॅगन उडाला! म्हणून तर तो येताच मागचं सगळं काळंकुट्ट होतं. खेळणाऱ्याला वाटतं, काय भयंकर अंधार! खरं तर ती यंत्राची अडचण.

पुढं प्लेस्टेशनवर त्रिकोण जोडून रोबो घडू लागले. 'आर्मर्ड कोअर'मध्ये (१९९७) तर डोकं, हात, पाय, शस्त्रं आपणच निवडायची. पण तिथंही अट आहेच. जड तोफ लावली आणि पायांना वजन पेललं नाही, तर लढाईला जाताच येत नाही!

आता तुमची पाळी. गणिताच्या चौकटीच्या वहीत ८ बाय ८ चा चौकोन आखा. फॅमिकॉमच्या तुकड्यासारखे फक्त ३ रंग घ्या आणि रोबोचं डोकं काढा. आई-बाबांनाही एकेक काढायला लावा. बघू या, कुणाचा रोबो ओळखू येतो!