एका धारेचे ब्लेड: निवडाल कसे, सांभाळाल कसे?

दाढीचे सामान घेताना आपण सहसा काय बघतो? रेझरची मूठ, त्याची चमक, ऑनलाइन मिळणारी सूट. ब्लेड मात्र 'जे मिळेल ते' घेतले जाते. वास्तविक चेहऱ्याला लागते ते ब्लेडच. दाढीनंतरची जळजळ, लाल पुरळ, मानेवरचे ओरखडे यांचे कारण अनेकदा चुकीचे किंवा थकलेले ब्लेड असते.

सध्या मल्टीब्लेड कार्ट्रिजचा खर्च आणि त्यातून होणारा प्लास्टिकचा कचरा यांना कंटाळून अनेक जण सिंगल एज रेझरकडे, म्हणजे एकाच धारेच्या रेझरकडे वळत आहेत. तुम्हीही त्या विचारात असाल, तर रेझरच्या आधी ब्लेडची ओळख करून घ्या.

ही कल्पना नवी नाही

अमेरिकेत केम्फे बंधूंनी १८८० मध्ये ज्या सेफ्टी रेझरचे पेटंट घेतले, त्यात एकाच धारेचे जाड पाते होते. ते पुन्हा पुन्हा धार लावून वापरावे लागे. पुढे किंग जिलेट यांनी पातळ, दोन धारांचे आणि वापरून फेकून देण्याचे ब्लेड आणले. त्याचे पेटंट त्यांना १९०४ मध्ये मिळाले.

आपल्याकडे एका धारेचा रेझर तर तुम्ही नेहमीच बघता. सलूनमधले दादा कागदातले ब्लेड मधोमध मोडून वस्तऱ्यात अडकवतात, तेही एका धारेचेच ब्लेड असते.

ब्लेडचे चार प्रकार

सिंगल एज म्हटले की एकच ब्लेड सगळीकडे बसते, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात चार मुख्य प्रकार आहेत आणि एकाचे ब्लेड दुसऱ्याच्या रेझरमध्ये बसत नाही.

अर्धे ब्लेड: नेहमीचे दोन धारांचे ब्लेड मधोमध मोडून केलेले. जाडी साधारण ०.१ मिलिमीटर. ते किराणा दुकानापासून मेडिकलपर्यंत सगळीकडे मिळते.

जेम ब्लेड: एका बाजूला धार आणि दुसऱ्या बाजूला धातूची जाड पट्टी असलेले. जाडी साधारण ०.२३ मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या ब्लेडच्या दुपटीहून जास्त. त्यामुळे ते राठ दाढीतही कमी थरथरते.

इंजेक्टर ब्लेड: लांबट आणि अरुंद. डबीतून थेट रेझरमध्ये सरकवायचे असल्याने धारेला बोट लावावे लागत नाही.

आर्टिस्ट क्लब ब्लेड: जपानी पद्धतीच्या वस्तऱ्यांसाठी बनलेले, जाड आणि अतिशय धारदार. हात सरावलेला असेल तरच याच्या वाटेला जा.

आधी ब्लेड, मग रेझर

भारतात शेवटचे तीन प्रकार बहुतेक वेळा ऑनलाइनच मागवावे लागतात. तुम्ही इंदूरला असा, बेळगावला किंवा कोल्हापूरला, ब्लेड संपले आणि कुरिअर आठवडाभर आले नाही, तर महागडा रेझर नुसता शोभेचा उरतो. म्हणून पहिलाच रेझर घेत असाल, तर अर्धे ब्लेड बसणारा घ्या. एका ब्लेडची दोन होतात आणि पुरवठ्याची चिंता राहत नाही.

खर्चाचा हिशेब पाकिटाच्या किमतीवर करू नका. ब्लेडच्या किमतीला त्यातून होणाऱ्या दाढ्यांनी भागा. समजा, ४ रुपयांच्या ब्लेडची दोन अर्धी झाली आणि प्रत्येकातून तीन दाढ्या झाल्या, तर एका दाढीला ब्लेडचा खर्च ७० पैशांच्याही आत येतो. हाच भागाकार तुमच्या सध्याच्या कार्ट्रिजवर करून बघा.

जेम ब्लेड घेताना एक काळजी घ्या. हार्डवेअरच्या दुकानात रंग किंवा काचेवरचे डाग खरवडायची ब्लेड अगदी तशीच दिसतात. त्यांची धार चेहऱ्यासाठी नसते. पाकिटावर दाढीसाठी असल्याचा उल्लेख बघूनच घ्या.

तुमच्या त्वचेला कोणते?

सर्वांत धारदार ते सर्वांत चांगले, असे नसते. दाट आणि राठ दाढीला तीक्ष्ण ब्लेड लागते, कारण बोथट ब्लेड केस कापण्याऐवजी ओढते. विरळ दाढी आणि नाजूक त्वचा असेल, तर मध्यम धारेचे, कोटिंग असलेले स्टेनलेस ब्लेड बरे. पाकिटावर प्लॅटिनम, क्रोमियम किंवा टेफ्लॉन लिहिलेले असते, ते या कोटिंगबद्दलच.

एकदम शंभराचा बॉक्स मागवू नका. दोन-तीन ब्रँडची छोटी पाकिटे आणा. साबण तोच, पद्धत तीच ठेवा आणि प्रत्येक ब्लेडला किमान दोन आठवडे द्या. एका दाढीवरून निकाल लावू नका.

कुरळ्या केसांमुळे ज्यांना मानेवर पुटकुळ्या येतात, त्यांना एका धारेचा खास फायदा होऊ शकतो. अनेक पाती असलेल्या रेझरमध्ये केस ओढून त्वचेच्या पातळीखाली कापला जातो आणि वाढताना आतच वळू शकतो. अशा त्वचेसाठी अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजी ही संस्थाही एक किंवा दोन पात्यांचा रेझर वापरण्याचा आणि त्वचा न ताणण्याचा सल्ला देते.

मऊ केस पोलादाला कसा हरवतो?

दाढीचा केस पोलादापेक्षा जवळपास ५० पट मऊ असतो, तरी ब्लेड बोथट होतेच. अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी याचा शोध घेतला. २०२० मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या त्यांच्या अभ्यासात दिसले, की धार फक्त झिजत नाही, तिचे सूक्ष्म टवके उडतात. म्हणूनच जुने ब्लेड जीन्सवर किंवा तळहातावर घासून उडालेला टवका परत येत नाही.

मात्र धारेवरचा ताण तुम्ही कमी करू शकता. केस पाणी शोषून मऊ होतो. दाढी अंघोळीनंतर करा किंवा दोन-तीन मिनिटे कोमट पाण्याने भिजवा आणि मग फेस लावा. एवढ्याने त्वचेला आराम मिळतो आणि ब्लेडही जास्त टिकते.

रोजची निगा

१. दाढी झाल्यावर ब्लेड वाहत्या पाण्याखाली धुवा. धारेत केस आणि फेस राहू देऊ नका.

२. धार टॉवेलने पुसू नका. त्याने धार बिघडते, शिवाय बोटही कापते. रेझर हलकेच झटका आणि उभा ठेवून वाळू द्या.

३. मुंबई, कोकण, गोवा, चेन्नई, कोलकाता अशा दमट ठिकाणी रेझर बाथरूमबाहेर ठेवा. कार्बन स्टीलचे ब्लेड तर एका रात्रीतही गंजू शकते.

४. बोअरच्या पाण्याने रेझरवर पांढरा थर बसतो. आठवड्यातून एकदा ब्लेड काढून रेझर मऊ ब्रश आणि साबणाने घासा.

५. ब्लेड मोडताना ते कागदातच ठेवा. लांबीच्या दिशेने मधोमध दुमडून मोडा. दोन्ही धारा बोटांपासून दूर असू द्या.

बदलायचे कधी?

अर्धे ब्लेड साधारण तीन ते पाच दाढ्या टिकते, जेम थोडे जास्त. पण आकड्यापेक्षा चेहऱ्याचे ऐका. केस ओढला जातोय, त्याच जागी दोन-तीनदा हात फिरवावा लागतोय किंवा तुरटी नेहमीपेक्षा जास्त झोंबतेय, तर ब्लेड बदला. थकलेल्या ब्लेडवर जोर देणे हे कापण्याचे सर्वांत मोठे कारण. गंज दिसला, तर एकदाही वापरू नका.

घरात रेझर एकेकाचा

'बाबांचाच रेझर घेतो' किंवा 'पायांसाठी नवऱ्याचा वापरते' हे घरोघरी चालते. पण ब्लेडवर डोळ्यांना न दिसणारे रक्त असू शकते. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. धुतल्याने किंवा स्पिरिटमध्ये बुडवल्याने ब्लेड दुसऱ्यासाठी सुरक्षित होते, असे समजू नका. सलूनमध्येही नवे ब्लेड आपल्यासमोर उघडायला सांगा. त्यात संकोच कसला?

मिसरूड फुटलेल्या मुलाला पहिला रेझर देताना मुरुमांवरून ब्लेड फिरवायचे नाही, हे आवर्जून सांगा. आजोबांचा हात थरथरत असेल किंवा ते रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतील, तर त्यांच्यासाठी इलेक्ट्रिक शेव्हर बरा. प्रवासाचेही लक्षात ठेवा: विमानात सुटी ब्लेड केबिन बॅगेत चालत नाहीत, ती चेक-इन सामानात ठेवा.

शेवटचे काम: ब्लेड टाकणे

तुमच्यासाठी संपलेले ब्लेड दुसऱ्याचे बोट कापण्याइतके धारदार असतेच. ते कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकले, की तुमचे काम संपते. पण पुढे ती पिशवी हाताने उचलणारी, हातानेच कचरा वेगळा करणारी माणसे असतात. अनेकदा त्यांच्या हातात मोजेही नसतात. एका जखमेने त्यांची काही दिवसांची मजुरी बुडते आणि संसर्गाची भीती मागे लागते ती वेगळीच.

उपाय अगदी साधा आहे. झाकणाचा छोटा पत्र्याचा डबा घ्या, झाकणाला ब्लेड आत जाईल एवढी चीर पाडा आणि झाकण टेपने पक्के करा. त्यावर ठळक अक्षरांत 'वापरलेली ब्लेड' असे लिहा आणि तो मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. ब्लेड इतकी पातळ असतात, की डबा भरायला काही वर्षे लागतील. भरल्यावर चीरही टेपने बंद करा आणि कचरा नेणाऱ्या ताई-दादांच्या हातात, आत काय आहे ते सांगून द्या.

नवा रेझर मागवाल, त्याच दिवशी हा डबाही तयार करून ठेवा.