आधी आकाश, मग घर

ठाण्याच्या वर्तकनगरात म्हाडाच्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाची बैठक बसली की प्रश्न ठरलेले असतात. कार्पेट किती, कॉर्पस किती, भाडं किती महिन्यांचं आगाऊ? दोन इमारतींत अंतर किती राहील आणि स्वयंपाकघरात वारा कुठून येईल, हे विचारणारा माणूस बहुधा विघ्नसंतोषी ठरतो. आपल्याच पट्ट्यात एका आर्किटेक्टने हयातभर हेच प्रश्न विचारले, म्हणून चार्ल्स कोरियांचं काम आज पुन्हा पाहायला हवं.

सिकंदराबादला 1930 साली जन्म, मिशिगन आणि एमआयटीत शिक्षण, 1958 पासून मुंबईत स्वतःचं ऑफिस. लंडनच्या रिबा या आर्किटेक्टांच्या संस्थेने 1984 मध्ये त्यांना सुवर्णपदक दिलं. पुढे कोरियांनी आपल्या नकाशांचा संग्रह त्याच संस्थेकडे सोपवला आणि 2013 मध्ये तिथे त्यावर मोठं प्रदर्शन भरलं. मुंबईचे नकाशे पाहायला लंडन गाठावं लागावं, हे आपल्या कारभाराला साजेसंच झालं.

कोरियांचं म्हणणं थोडक्यात असं, की आपल्या हवेत उघड्यावरची जागा ही खोलीइतकीच कामाची असते. ओटा, अंगण, गच्ची इथे माणसं वर्षातले कितीतरी महिने बसतात, निजतात, पापड वाळवतात. तेव्हा गरिबाला घर देताना फक्त बंद खोली दिली तर अर्धंच घर दिलं.

श्रीमंतांसाठीही त्यांनी हाच हिशोब मांडला. पेडर रोडजवळचा 28 मजली कांचनजंगा टॉवर 1983 साली पुरा झाला. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेचा, पण दुपारचं ऊन आणि पावसाची झोड यांचीही तीच दिशा. जुन्या बंगल्यांनी यावर भोवती व्हरांडा घेऊन तोड काढली होती. कोरियांनी तो व्हरांडा उभ्या इमारतीच्या कोपऱ्यात कोरला. दोन मजले उंचीची गच्ची, तिच्या आडोशाला आतल्या खोल्या. रस्त्यावरून बघितलं तर कोपरे कापून काढल्यासारखे दिसतात. आजचे टॉवर मात्र काच लावून एसी ठोकतात आणि मोकळे होतात.

पुण्यातलं आयुका, दादरचं पोर्तुगीज चर्च, पणजीची कला अकादमी ही कामं मराठी माणसाच्या येण्याजाण्यातली आहेत. कला अकादमीच्या खुल्या रंगमंचाचं छत 2023 च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या काळात कोसळलं. अशी वास्तू सांभाळायचीही अक्कल लागते.

पण माझ्या मते त्यांचं सर्वांत धाडसाचं काम बेलापूरचं आहे. नवी मुंबईची कल्पना त्यांनी प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासोबत 1960 च्या दशकात मांडली. 1970 मध्ये ते शहर वसवायला सिडको स्थापन झाल्यावर ते तिथे मुख्य आर्किटेक्टही होते. पारसिकच्या डोंगराजवळची आर्टिस्ट व्हिलेज ही वसाहत 1980 च्या दशकातली. सहा हेक्टरांच्या आसपास जमीन, साधारण साडेपाचशे कुटुंबं, आणि लिफ्ट कुठेच नाही. सात घरांच्या मध्ये आठ मीटर लांबीरुंदीचा चौक. असे तीन गट एकत्र आले की एकवीस घरांना मिळून आणखी मोठा चौक. प्लॉट 45 ते 75 चौरस मीटरचे, म्हणजे गरीब आणि बऱ्या स्थितीतल्या कुटुंबांत जमिनीचा फरक फार नाही. एकाही घराची भिंत शेजाऱ्याशी सामाईक नाही. पैसा आला, मुलगा लग्नाचा झाला, की वर खोली चढवा, शेजाऱ्याची एनओसी नको. बांधकामही गावच्या गवंड्याला जमेल असं.

आज तिथे गेलात तर कौलारू मूळ घरं शोधावी लागतात. बहुतेकांनी ती पाडून दोन-तीन मजल्यांची स्लॅबची घरं बांधली, काही चौकांत गाड्या लागल्या. आर्किटेक्चरचे विद्यार्थी हे बघून हळहळतात. मला ती हळहळ पटत नाही. घर वाढावं म्हणूनच ते तसं आखलं होतं, आणि इतकी वाढ होऊनही चौक चौकच राहिले. खंत वेगळी आहे. ज्यांच्या ऐपतीचा विचार करून ही घरं आखली, त्यांना आज तिथे घर घेणं परवडणार नाही. जमिनीच्या भावापुढे नकाशा हरतो, हे कोरियांनाही ठाऊक होतं. मुंबईतल्या कापड गिरण्यांच्या जमिनींबाबतच्या समितीचं अध्यक्षपद त्यांनी भूषवलं, अहवाल 1996 मध्ये आला आणि प्रत्यक्षात भलतंच घडलं.

वर्तकनगरात आता बैठी घरं उठणार नाहीत. एवढ्या कुटुंबांना उंच जावंच लागेल, आणि त्यात गैर काही नाही. पण उंच इमारतीतही हवा आणि उघडी जागा राखता येते, हे कांचनजंगाने दाखवलंय. तेव्हा संमतीपत्रावर सही करण्याआधी बिल्डरकडून रंगीत ब्रोशरऐवजी मजल्याचा नकाशा आणि इमारतीचा उभा छेद मागून घ्या. आणि एखाद्या रविवारी ठाण्याहून पनवेल लोकल पकडून बेलापूरला उतरा, सोसायटीच्या सेक्रेटरींनाही सोबत न्या.