टेराफॉर्म की क्लाउडफॉर्मेशन? निवडण्याआधी हे समजून घ्या

तुमच्या फोनमधल्या जवळपास प्रत्येक अ‍ॅपमागे कुठेतरी सर्व्हर, डेटाबेस आणि नेटवर्क असतं. क्लाउडच्या वेबसाइटवर एकेक बटण दाबून हे सगळं उभं करता येतं. पण सहा महिन्यांनी तसंच्या तसं पुन्हा उभं करायचं म्हटलं, की तेव्हा कुठली बटणं दाबली होती ते कुणालाच आठवत नाही! म्हणून काय हवंय ते फाइलमध्ये लिहायचं आणि उभारणीचं काम टूलवर सोपवायचं. यालाच 'इन्फ्रास्ट्रक्चर अ‍ॅज कोड' म्हणतात.

यात दोन प्रकारची टूल्स आहेत. पहिली, क्लाउड कंपनीची स्वतःची : अ‍ॅमेझॉनचं क्लाउडफॉर्मेशन (२०११) किंवा मायक्रोसॉफ्टचं बायसेप. दुसरी, अनेक क्लाउडवर चालणारी. त्यात सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे हॅशिकॉर्पचं टेराफॉर्म (२०१४).

एकदा लिहा, कुठेही चालवा?
नाही. हाच सगळ्यात मोठा गैरसमज. टेराफॉर्ममध्ये एडब्ल्यूएससाठी लिहिलेला सर्व्हरचा कोड अ‍ॅझ्युअरवर चालत नाही. भाषा आणि कमांड त्याच राहतात, पण प्रत्येक क्लाउडचे रिसोर्स वेगळे, त्यामुळे कोड नव्यानेच लिहावा लागतो.

हिशेबाची वही कोण सांभाळणार?
टेराफॉर्म आपण काय काय उभं केलं याची नोंद 'स्टेट' फाइलमध्ये ठेवतं. ती जपायची जबाबदारी तुमची. तिच्यात पासवर्डही साध्या अक्षरांत असू शकतात, त्यामुळे ती गिटहबवर कधीच टाकू नका. क्लाउडफॉर्मेशनमध्ये ही वही अ‍ॅमेझॉनच सांभाळतं.

मध्येच गडबड झाली तर?
स्टॅक बनवताना किंवा बदलताना काही बिघडलं, तर क्लाउडफॉर्मेशन आपोआप मागे फिरतं. टेराफॉर्म जिथे अडकलं तिथेच थांबतं. कोड दुरुस्त करून पुन्हा चालवायचं काम तुमचं. मात्र टेराफॉर्मची 'प्लॅन' कमांड काय बदलणार, काय डिलीट होणार हे आधीच दाखवते. ती न वाचता पुढे जाऊ नका.

टूल बदललं तरी अवलंबून राहणं आलंच
टेराफॉर्म घेतलं म्हणजे एका कंपनीच्या तावडीतून सुटलो, असं वाटतं. पण ऑगस्ट २०२३ मध्ये हॅशिकॉर्पने टेराफॉर्मचं ओपन सोर्स लायसन्स बदलून त्यावर व्यावसायिक वापराच्या काही अटी घातल्या. त्यातूनच लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली 'ओपनटोफू' हा वेगळा फाटा निघाला. पुढे २०२५ मध्ये आयबीएमने हॅशिकॉर्पच विकत घेतली.

मग निवडायचं काय?
सगळं काम एकाच क्लाउडवर असेल आणि टीम छोटी असेल, तर त्या क्लाउडचंच टूल घ्या. दोन क्लाउड खरोखर वापरत असाल, किंवा सर्व्हरसोबत क्लाउडफ्लेअर, गिटहब अशा सेवाही कोडमधूनच चालवायच्या असतील, तर टेराफॉर्म किंवा ओपनटोफू. 'उद्या कदाचित क्लाउड बदलू' एवढ्याच कारणासाठी आज जास्तीचं ओझं घेऊ नका.

शिकत असाल तर एक छोटा सर्व्हर कोडमधून उभा करा आणि काम झालं की कोडमधूनच काढून टाका. चालू राहिलेला सर्व्हर बिल वाढवतच राहतो, मग टूल कुठलंही असो.